चक्र आणि द्रायू : फिरत्या यंत्रांतील ऊर्जा-विनिमय

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर दापोडीपासून निगडीपर्यंत आणि तेथून ईशान्येस चाकणपर्यंत पसरलेला औद्योगिक पट्टा मुख्यतः मोटारगाड्या व त्यांचे सुटे भाग यांसाठी ओळखला जातो. परंतु या पट्ट्याचा द्रायूंशी, म्हणजे द्रव व वायू या दोहोंशी, असलेला संबंधही तितकाच जुना आहे. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सच्या पिंपरी येथील कारखान्यात किण्वनाच्या टाक्या घुसळणारी चक्रे फिरू लागली. १९६० मध्ये स्थापन झालेल्या के. एस. बी. कंपनीने पिंपरीस केंद्रोत्सारी पंप बनविण्यास प्रारंभ केला. तिची मूळ जर्मन संस्था फ्रँकेंथाल येथे १८७१ मध्ये निघाली होती. चिंचवड येथे मेथर अँड प्लॅट या नावाचे पंप अनेक दशके तयार होत आले. चाकणच्या बाजूस १९९९ मध्ये बजाज ऑटोचा आणि २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, आणि या परिसरात जोडल्या जाणाऱ्या डिझेल वाहनांच्या इंजिनांबरोबर टर्बोचार्जर हे अतिवेगवान चक्र तेथे नित्याचे झाले.

पाणी चढविणारा पंप, हवा दाबणारा टर्बोचार्जर आणि घाटाखालचे जलविद्युत् टरबाइन ही यंत्रे दिसावयास अत्यंत भिन्न आहेत. तथापि त्यांत चक्र व द्रायू यांच्यामध्ये ऊर्जेची जी देवघेव होते, तिचा नियम एकच आहे. तो नियम कोणता, त्यामागील भौतिक कारण काय, आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास कारखान्यातील वीज कोठे वाया जाते, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

फिरणे पुरेसे नाही

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. यंत्राचा एखादा भाग फिरतो एवढ्यावरून ते यंत्र या वर्गात मोडत नाही. कारखान्यांतून सर्रास वापरला जाणारा स्क्रू कॉम्प्रेसर फिरता असला तरी तो हवेचा ठराविक भाग दोन मळसूत्री दंडांमधील पोकळीत कोंडतो आणि त्या पोकळीचे आकारमान कमी करीत नेतो. सायकलच्या पंपातील दट्ट्याही तेच करतो. अशा यंत्रांस विस्थापन-यंत्रे म्हणतात. त्यांतील विनिमय दाब व आकारमानातील बदल यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो, आणि चक्र अगदी हळू फिरविले तरी, गळती वगळता, दाब तितकाच निर्माण होतो.

याउलट केंद्रोत्सारी पंपात द्रायू कोठेही कोंडलेला नसतो. प्रवेशद्वारापासून निर्गमद्वारापर्यंत मार्ग सदैव उघडाच असतो. येथे ऊर्जा दिली जाते ती द्रायूच्या गतीची दिशा बदलून. चक्र थांबले की दाब नाहीसा होतो. चक्राचा वेग निम्मा झाला तर दाब निम्मा न होता चतुर्थांश होतो. असे का, याचे उत्तर पुढील नियमात आहे.

ऑयलरचा नियम

१७५० च्या सुमारास सेग्नर याने पाण्याच्या प्रतिक्रियेने फिरणारे एक चक्र सुचविले होते. त्याचा अभ्यास करताना लिओनार्ड ऑयलर याने १७५४ मध्ये जे प्रतिपादन केले, ते आजही या शास्त्राचा पाया आहे. त्याचा आशय असा : चक्रावरील परिबल हे चक्रातून जाणाऱ्या द्रायूच्या कोनीय संवेगात दर सेकंदास होणाऱ्या बदलाएवढे असते. हे न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचेच परिवलनापुरते रूप होय. परिबलास चक्राच्या कोनीय वेगाने गुणिले म्हणजे शक्ती मिळते. त्रिज्या व कोनीय वेग यांचा गुणाकार म्हणजे त्या ठिकाणचा चक्राचा परिघीय वेग असल्यामुळे हा नियम पुढीलप्रमाणे मांडता येतो :

दर किलोग्रॅमी कार्य = निर्गमापाशी (परिघीय वेग × स्पर्शीय वेग) − प्रवेशापाशी (परिघीय वेग × स्पर्शीय वेग)

येथे परिघीय वेग चक्राचा असून स्पर्शीय वेग हा द्रायूच्या निरपेक्ष वेगाचा चक्राच्या परिघास स्पर्श करणाऱ्या दिशेतील घटक आहे. हे कार्य धन आल्यास यंत्र पंप किंवा कॉम्प्रेसर असते, आणि ऋण आल्यास टरबाइन.

एक उदाहरण घेतले असता हा नियम मूर्त होईल. ४०० मिलिमीटर व्यासाचा इंपेलर मिनिटास १,४५० फेरे घेत असेल तर त्याच्या कडेचा वेग सेकंदास सुमारे ३०.४ मीटर होतो. पाती मागे वळलेली असल्यामुळे पाण्यास कडेचा पूर्ण वेग मिळत नाही. स्पर्शीय वेग कडेच्या वेगाच्या ६० टक्के, म्हणजे सुमारे १८.२ मीटर, धरणे वाजवी ठरेल. पाणी आत शिरताना फिरत नसल्यास नियमातील दुसरे पद शून्य होते. तेव्हा दर किलोग्रॅमी कार्य सुमारे ५५३ जूल, म्हणजेच ५६ मीटर शीर्ष, येते. घर्षणादी हानी १५ टक्के धरली तर प्रत्यक्षात ४८ मीटर हाती लागते. सेकंदास १०० किलोग्रॅम पाणी जात असेल तर पात्यांनी पाण्यास दिलेली शक्ती सुमारे ५५ किलोवॉट असून तीपैकी उपयुक्त रूपात ४७ किलोवॉट उरते.

स्पर्शीय वेग स्वतःच कडेच्या वेगाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे कार्य हे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा केल्यास शीर्ष चतुर्थांश का होते, याचा उलगडा येथे होतो.

नियमात जे नाही त्याचे महत्त्व

या सूत्रात द्रायूची घनता कोठेही आलेली नाही. पाणी असो, तेल असो वा हवा असो, तेच चक्र त्याच वेगाने फिरत असता आणि प्रवाहाची दिशा तशीच वळत असता दर किलोग्रॅमी कार्य तेच राहते. म्हणून पंपाचे वर्णन दाबाने न करता शीर्षाने, कारखान्यातील भाषेत हेडने, करण्याची प्रथा आहे.

पंप सुरू करण्यापूर्वी तो पाण्याने भरून घ्यावा लागतो, याचे कारणही यातच आहे. रिकामा पंप काहीच करीत नाही ही समजूत चुकीची होय. तो हवेस जवळपास तितकेच शीर्ष देतो. परंतु ४८ मीटर उंचीच्या हवेच्या स्तंभाचा दाब म्हणजे पाण्याचा जेमतेम ५ सेंटिमीटरांचा स्तंभ. एवढ्या दाबाने विहिरीतील पाणी शोषनळीत वर चढणे अशक्य असते.

टर्बोचार्जरपुढील प्रश्न नेमका हाच आहे. हवा विरळ असल्यामुळे तिचा दाब उपयुक्त प्रमाणात वाढवावयाचा तर दर किलोग्रॅमी कार्य प्रचंड असावे लागते, आणि ते वाढविण्याचा मुख्य उपाय म्हणजे कडेचा वेग वाढविणे. ५० मिलिमीटर व्यासाचे चक्र मिनिटास १,५०,००० फेरे घेऊ लागले की त्याच्या कडेचा वेग सेकंदास ३९३ मीटर होतो. स्पर्शीय वेग त्याच्या ७० टक्के धरल्यास दर किलोग्रॅमी कार्य सुमारे १०८ किलोजूल येते, म्हणजे उपरोक्त पंपाच्या जवळजवळ दोनशे पट. त्यामुळे हवेचे तापमान सुमारे १०७ अंश सेल्सियसने वाढते, आणि ३० अंश तापमानाची हवा ७२ टक्के कार्यक्षमतेने दाबली गेल्यास तिचा दाब मूळच्या सुमारे २.२ पट होतो. तळहातावर मावणारे चक्र एवढ्या वेगाने का फिरवावे लागते, ते यावरून स्पष्ट होईल.

दिलेल्या ऊर्जेचे रूप

किती ऊर्जा दिली गेली हे ऑयलरचा नियम सांगतो. ती कोणत्या रूपात दिली गेली, हे कळण्यासाठी वेग-त्रिकोणाच्या साहाय्याने त्या कार्याचे तीन भाग पाडावे लागतात. पहिला भाग निरपेक्ष गतिज ऊर्जेतील वाढीचा असतो. दुसरा भाग द्रायू केंद्राकडून परिघाकडे सरकल्यामुळे केंद्रोत्सारी क्षेत्रात होणाऱ्या दाबवाढीचा, आणि तिसरा पात्यांमधील मार्गात सापेक्ष वेग मंदावल्यामुळे होणाऱ्या दाबवाढीचा असतो. यांपैकी दुसरा भाग घर्षणाच्या विशेष हानीवाचून मिळतो. म्हणूनच थोड्या जागेत बरेच शीर्ष हवे असल्यास अरीय प्रवाहाचे यंत्र निवडले जाते.

वरील उदाहरणात सुमारे ३० टक्के ऊर्जा इंपेलरमधून केवळ वेगाच्या रूपाने बाहेर पडते. ती दाबात रूपांतरित करण्याचे काम शंखाकृती केसिंगाचे अथवा स्थिर मार्गदर्शक पात्यांचे असते. अशा मार्गदर्शक पात्यांच्या पंपाचे एकस्व ऑस्बर्न रेनल्ड्स याने १८७५ मध्ये घेतले होते, आणि पुढे मँचेस्टरच्या मेथर अँड प्लॅट या संस्थेने ते पंप बांधले. चिंचवडच्या पंपांवर झळकलेले नाव याच परंपरेतील आहे. ही पाती स्थिर असल्यामुळे त्यांच्यावर परिबल पडले तरी ती कार्य करीत नाहीत. आधीच दिलेल्या ऊर्जेचे रूप बदलणे एवढेच त्यांच्याकडून घडते.

पाण्याचा स्पर्शीय वेग पात्याच्या कोनावरून काढलेल्या किंमतीपेक्षा नेहमी कमीच भरतो. दोन पात्यांमधील द्रायू चक्राबरोबर स्वतःभोवती फिरण्यास राजी नसतो. चक्राच्या दृष्टीने त्यात उलट दिशेचा एक भोवरा निर्माण होतो आणि बाहेर पडणारा प्रवाह पात्याच्या मागे रेलतो. स्टोडोला याने या घटीचे गणित मांडले. ही घट म्हणजे हानी नव्हे. पाते तितके कार्य करीतच नाही, एवढाच तिचा अर्थ.

ऊर्जा नेमकी कशी जाते ?

येथवरचे विवेचन हिशोबाचे झाले. प्रवेश व निर्गम यांवरील वेग मोजून कार्य सांगता येते, पण मधल्या जागेत द्रायूच्या एखाद्या कणास ऊर्जा कशी मिळते, हे त्यावरून कळत नाही. घर्षणरहित व उष्णताविनिमयरहित प्रवाहात कणाची समग्र एन्थॅल्पी, म्हणजे एन्थॅल्पी आणि गतिज ऊर्जा यांची बेरीज, कशाने बदलते ? गतीच्या समीकरणावरून असे सिद्ध होते की, तिच्या बदलाचा दर हा त्या स्थळी दाब काळाबरोबर ज्या दराने बदलतो त्यास घनतेने भागून येणाऱ्या राशीएवढा असतो. दाब कोणत्याही स्थिर बिंदूवर काळानुसार बदलत नसेल, तर कणाची समग्र एन्थॅल्पी रेसभरही बदलत नाही.

यातून निघणारा निष्कर्ष प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो : प्रवाह पूर्णपणे कालनिरपेक्ष असेल तर असे यंत्र कार्य करूच शकणार नाही. अमेरिकन अभियंता रॉबर्ट डीन याने १९५९ मध्ये या गोष्टीकडे ठामपणे लक्ष वेधले. पाठ्यपुस्तकांतून पंपातील प्रवाह स्थायी मानला जातो, तो केवळ चक्राबरोबर फिरणाऱ्या निरीक्षकाच्या दृष्टीने. त्याच्या लेखी पाती स्थिर असतात व कार्य शून्य असते. तेथे अचल राहते ती रोथॅल्पी नावाची निराळी राशी. जमिनीवर उभ्या असलेल्या निरीक्षकास मात्र प्रत्येक पात्याची अधिक दाबाची बाजू आणि मागोमाग कमी दाबाची बाजू समोरून जाताना दिसते. सहा पात्यांचा उपरोक्त इंपेलर असेल तर दाबाचा हा चढउतार सेकंदास १४५ वेळा होतो. पंपाच्या गुंजनात ऐकू येणारी ही कंप्रता म्हणजे केवळ दोष नव्हे. दाबातील ज्या बदलाने ऊर्जा द्रायूकडे जाते, त्याचीच ती खूण होय.

पात्याच्या दोन बाजूंवरील दाबांत फरक नसेल तर परिबल नाही, आणि परिबल नाही तर विनिमय नाही. या फरकासच मर्यादाही आहे. प्रवेशाजवळ पात्याच्या कमी दाबाच्या बाजूस पाण्याचा दाब बाष्पदाबाखाली गेल्यास तेथे वाफेचे बुडबुडे होतात. ते पुढे अधिक दाबात फुटून धातू कुरतडतात. पुणे-पिंपरी परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच असल्यामुळे येथे हवेचा दाब पाण्याच्या सुमारे ९.७ मीटर स्तंभाएवढा असतो. समुद्रकाठी तो १०.३ मीटर भरतो. मुंबईस निर्वेधपणे चालणारा पंप तितक्याच शोषउंचीवर चिंचवडास कुरकुरू लागला, तर या ६० सेंटिमीटरांचा विचार प्रथम करावा.

उलट दिशेचा व्यवहार

याच परिसराच्या पश्चिमेस हा नियम उलट दिशेने राबतो. इंद्रायणीच्या उगमाकडील लोणावळा परिसरात अडविलेले पाणी घाटाखाली खोपोलीस नेऊन टाटांनी १९१५ मध्ये वीजनिर्मिती सुरू केली. पतन सुमारे ५०० मीटरांचे आहे. एवढ्या शीर्षाने निघणाऱ्या झोताचा वेग आदर्शतः सेकंदास ९९ मीटर होतो. पेल्टन चक्राच्या वाट्यांचा वेग त्याच्या निम्मा ठेवून झोत जवळजवळ उलट फिरविला, तर बाहेर पडणाऱ्या पाण्यात स्पर्शीय वेग उरत नाही आणि कोनीय संवेग जवळपास सर्व चक्रास मिळतो. एक घनमीटर पाण्यात या उंचीवर १.३६ किलोवॉट-तास ऊर्जा असते. हानी वजा जाऊन प्रत्यक्षात एक युनिटाहून थोडी अधिक वीज मिळते.

टरबाइनमध्ये प्रवाह सामान्यतः अधिक दाबाकडून कमी दाबाकडे, म्हणजे उताराने, जातो. त्यामुळे पात्यांच्या पृष्ठालगतचा मंद थर पात्यास चिकटून राहतो. पंपात द्रायूस चढावर ढकलावयाचे असते, आणि तेथे हाच थर सुटून भोवरे माजतात. तोच इंपेलर टरबाइन म्हणून उलट चालविता येतो, परंतु चांगल्या टरबाइनची पाती पंपास लावून चालत नाही, याचे कारण हा भेद होय. दोन्ही कामे करणाऱ्या उलटसुलट यंत्राचा आकार म्हणूनच पंपाकडे झुकलेला असतो. भिरा आणि घाटघर येथे अशी यंत्रे आहेत, आणि शिरवटा व भिवपुरी येथील उदंचन-प्रकल्पांसाठी टाटा पॉवरने २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला आहे. सौर विजेचा वाटा वाढत असता दिवसाची वीज रात्रीसाठी राखून ठेवण्याचे काम या चक्रांकडे येत आहे.

झडपेत हरवणारी वीज

ऑयलरचा नियम एक कठोर सत्य सांगतो : पात्यांनी द्रायूस किती ऊर्जा द्यावी, हे चक्राचा वेग आणि प्रवाहाचे वळण ठरवितात. द्रायूस ती हवी आहे की नाही, याची चक्रास जाणीव नसते. कारखान्यांतून होणारा बराचसा अपव्यय याच्या विस्मरणातून उद्भवतो.

वर घेतलेला पंप थंड पाण्याच्या बंद चक्रमार्गावर बसविला आहे आणि मार्गातील रोध केवळ घर्षणाचा आहे, असे समजावे. गरज सेकंदास १०० किलोग्रॅमांवरून ७० वर आली तर नळास केवळ साडेतेवीस मीटर शीर्ष पुरते. परंतु झडप अर्धवट मिटून प्रवाह कमी केला असता पंप उलट अधिक, समजा ५४ मीटर, शीर्ष देतो. मधले सुमारे ३० मीटर झडपेत भोवरे व उष्णता होऊन नाहीसे होतात. पाण्यास मिळालेल्या ३७ किलोवॉटांपैकी नळाच्या कामी १६ च येतात. त्याऐवजी चक्राचा वेग ७० टक्क्यांवर आणला तर शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते आणि पात्यांचे कार्य ५५ वरून सुमारे १९ किलोवॉटांवर येते.

मात्र हा घनाचा नियम सरसकट लावणे तितकेच घातक ठरते. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका पवनेचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यापासून उचलून निगडीच्या शुद्धीकरण केंद्राकडे चढविते. अशा कामात पाणी वर नेण्याची उंची ही घर्षणाप्रमाणे प्रवाहाबरोबर कमी होत नाही. समजा, उंची ४० मीटर आहे आणि मिटल्या झडपेस पंप ६० मीटर शीर्ष देतो. वेग ८० टक्क्यांवर आणताच हे शीर्ष ३८.४ मीटर होते आणि पाण्याचा एक थेंबही वर चढत नाही. वीज घेतली जाते, चक्र फिरते, आणि आतील पाणी नुसते तापते. अशा ठिकाणी वेग बदलण्यापेक्षा योग्य व्यासाचा इंपेलर निवडणे अथवा गरजेप्रमाणे कमी-अधिक पंप चालविणे श्रेयस्कर असते. तेव्हा कोणताही उपाय सुचविण्यापूर्वी एकूण शीर्षात उंचीचा वाटा किती आणि घर्षणाचा किती, हे मोजणे अगत्याचे आहे.

उपसंहार

सारांश, फिरते चक्र द्रायूस ऊर्जा देते किंवा त्याच्याकडून घेते ती कोनीय संवेगाच्या बदलातून. तो बदल पात्याच्या दोन बाजूंवरील दाबांच्या फरकाने घडतो, आणि हा फरक स्थिर निरीक्षकाच्या दृष्टीने काळाबरोबर बदलत राहिल्यावाचून ऊर्जा एका कणाकडेही जात नाही. पंप, टर्बोचार्जर व टरबाइन यांची निराळी शास्त्रे नाहीत. त्यांतील भेद घनता, वेग आणि चढ-उतार यांचे आहेत. या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासकास या पट्ट्यातील कारखाने व पाणीपुरवठ्याची केंद्रे ही एक विस्तृत प्रयोगशाळाच होय. एखाद्या चालू पंपाचा प्रवाह, शीर्ष आणि वीज ही तीन मापे घेऊन ती वेग-त्रिकोणाशी ताडून पाहिली, तर पात्यांनी किती दिले, झडपेने किती घेतले आणि कामी किती आले, याचा हिशोब एका दिवसात मांडता येतो. असा हिशोब जेथे मांडला जातो, तेथे सुधारणेस वाव कोठे आहे हे आकडेच सांगतात.